उचल

आपल्या शाळेच्या शिक्षकखोलीत, इतिहासाचे नकाशे ठेवतो त्या कपाटाच्या कडेला, एक लोखंडी काठी भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. गेल्या काही वर्षांत जे माजी विद्यार्थी भेटीस आले, त्यांपैकी बहुतेकांची नजर तिच्याकडे गेली. आमच्या हाती पूर्वी छडी असे, हे त्यांना चांगलेच आठवते. त्यामुळे "सर, छडी आता लोखंडाची केली की काय?" असा प्रश्न हसत हसत येतो आणि आम्हीही हसून वेळ मारून नेतो. स्मरणिकेसाठी लेख मागणारे पत्र आले, तेव्हा मनाशी ठरवले की या प्रश्नाचे उत्तर एकदा लेखी देऊन टाकावे. ते आम्हांला फारसे भूषणावह नाही. परंतु ज्या शाळेत आम्ही सत्य बोलण्याचे शील रोज वदवून घेतो, तिच्या स्मरणिकेत तरी ते लपवू नये.

ती छडी नव्हे. ती गोल्फची काठी आहे, आणि तीही बाजारातून आणलेली नव्हे. बांधकामावरची सळई तापवून, तिचे टोक ठोकून चपटे केले आहे आणि ते असे वाकवले आहे की काठी जमिनीवर टेकवली असता चपटे पाते जवळजवळ आभाळाकडे पाहते. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आहे. अशा कललेल्या पात्याच्या काठीला गोल्फमध्ये वेज म्हणतात.

१९९८ सालची गोष्ट. आठवीच्या वर्गात बीड जिल्ह्यातून आलेला एक मुलगा होता. त्याचे नाव येथे लिहीत नाही. त्याचीच तशी इच्छा आहे. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दसऱ्यानंतर गाव रिकामे होई आणि मुलांची शाळा बुडे, म्हणून मामाने त्याला भांडुपला आणून आपल्या वसतिगृहात दाखल केले. मामा चेंबूरला राहत आणि तेथील गोल्फच्या मैदानावर कॅडीचे काम करीत. कॅडी म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी वाहणारा सोबती. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या असतात. पिशवीचे वजन १२-१५ किलो सहज भरते, आणि १८ होलांचा एक डाव म्हणजे सहा-सात किलोमीटरांची चाल.

मुलगा शनिवारी दुपारी सुट्टी घेऊन मामाकडे जाई. भांडुपहून कुर्ला, तेथून हार्बरची गाडी धरून चेंबूर. रविवारी रात्री परते, आणि सोमवारी पहिल्या तासाला डुलक्या घेई. एके दिवशी कवायतीच्या वेळी त्याच्या उजव्या खांद्यावर पट्ट्याचा काळानिळा वळ दिसला. विचारले, तेव्हा म्हणाला, "मामासोबत पिशवी उचलतो, सर."

आम्ही तेव्हा नुकतेच इतिहासात एम.ए. झालो होतो. डोक्यात वतनाचा कायदा ताजा होता. सरकारी अंमलदार गावात आला की त्याचे सामान पुढच्या गावापर्यंत वाहून नेणे हे महार वतनदाराचे काम असे. त्याला वेळकाळ नसे आणि मोबदला नावापुरता. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडले, ते याच जोखडाविरुद्ध. हे सारे आम्ही त्या मुलाला वर्गासमोर उभे करून ऐकवले. वर आणखी एक भर घातली. ज्या १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला, त्याच १९२७ साली चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब स्थापन झाला. "आजोबांनी ज्या पिशव्या खाली टाकल्या, त्या तू पुन्हा खांद्यावर घेतोस?" असा प्रश्न केला. वर्ग स्तब्ध झाला. शेवटी निकाल दिला, "पिशवी हवी असेल तर दप्तर ठेव. दप्तर हवे असेल तर पिशवी ठेव."

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला नाही.

आम्ही गावी दोन पोस्टकार्डे टाकली. उत्तर आले नाही. चेंबूरला जाऊन मामाची भेट घ्यावी, हे मनात आले होते. भांडुपहून चेंबूर तासाभराच्या आत गाठता येते. आम्ही गेलो नाही. पुढे कित्येक वर्षे शिक्षकखोलीत आणि पालकसभेत आम्ही ही हकिकत, मोहापायी शिक्षण सोडणाऱ्या मुलाचे उदाहरण म्हणून सांगत राहिलो. ऐकणारे माना डोलावत.

२०२२ च्या जून महिन्यात प्रवेशाच्या दिवसांत एक गृहस्थ दहा वर्षांच्या मुलीला घेऊन दारात उभे राहिले. "जयभीम सर. ओळखलंत?" आम्ही ओळखले नाही. त्याने शर्टाची कॉलर बाजूला करून उजव्या खांद्याकडे बोट केले, तेव्हा ओळखले.

मुलीला पाचवीत घालायचे होते. अर्ज भरून झाला, चहा झाला. आता काय करतोस, असे विचारले, तर म्हणाला, "नवी मुंबईच्या बाजूला गोल्फ शिकवतो." मग थोडे थांबून म्हणाला, "सर, तुम्हांला एक वस्तू द्यायची होती. चोवीस वर्षं राहून गेली." आणि रिक्षातून ती लोखंडी काठी घेऊन आला. आठवी सोडल्यावर पहिल्या वर्षी त्याने ती मामाच्या वस्तीत स्वतः ठोकून तयार केली होती.

चेंबूरच्या कॅडींनी आपल्या वस्तीच्या गल्ल्यांत स्वतःचा गोल्फ उभा केला, ही गोष्ट पुढे वर्तमानपत्रांत छापून आली. त्यावर चित्रफिती निघाल्या. वाकवलेल्या सळया आणि प्लॅस्टिकचे हलके चेंडू. गल्लीत अडीचशे यार्डांचा फटका मारायला जागा कोठून येणार? एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला पाण्याचे पिंप, मध्ये ताडपत्री आणि पत्र्याची छपरे. चेंडू छपरावरून पलीकडे न्यायचा आणि पलीकडे पडल्याबरोबर थांबवायचा, एवढाच खेळ तेथे शक्य होता. म्हणजे श्रीमंतांच्या मैदानावर जो भाग सर्वांत अवघड मानतात, तो छोट्या पल्ल्याचा खेळ, हाच गल्लीतला संपूर्ण खेळ होता.

त्या दिवशी आपल्या मैदानावर व्हॉलीबॉलची जाळी बांधलेली होती. त्याने जाळीपलीकडे दोन पावलांवर एक बादली ठेवली, अलीकडे चार पावलांवर प्लॅस्टिकचा चेंडू ठेवला आणि काठी सहज फिरवली. चेंडू सरळ वर गेला, क्षणभर जाळीच्या वर थबकल्यासारखा दिसला आणि बादलीशेजारी पडून तेथेच राहिला. मुले धावत गोळा झाली. मग त्याने काठी आमच्या हाती दिली.

आम्ही मारलेला पहिला चेंडू जमिनीलगत सरपटत जाळीच्या खालून निघून गेला. दुसरा तसाच. तिसऱ्या वेळी काठी चेंडूच्या आधी मातीत रुतली. मुले तोंडावर हात ठेवून हसत होती.

"सर, तुम्ही चेंडू उचलायला बघताय," तो म्हणाला. "उचलायला गेलं की माणूस मनगट वर ओढतो, पातं वर येतं आणि चेंडूच्या डोक्यावर बसतं. मग तो जमिनीवरच राहतो. चेंडूला उचलायचं नसतं. तुम्ही त्याच्या खालून जायचं. वर न्यायचं काम पात्याचा उतार करतो."

त्याने ते समजावून सांगितले, ते जसे उमगले तसे लिहितो. प्रत्येक काठीचे पाते उभ्या रेषेपासून काही अंश मागे कललेले असते. त्या कलण्याला लॉफ्ट म्हणतात. लांब फटक्याच्या ड्रायव्हरला तो १०-१२ अंश असतो. पिचिंग वेजला ४५ अंशांच्या आसपास, सँड वेजला ५४ ते ५६, आणि सर्वांत कललेल्या लॉब वेजला ५८ ते ६४ अंश. कल जितका अधिक, तितकी फटक्याची ताकद पुढे जाण्याऐवजी वर जाण्यात खर्च होते. म्हणून या काठीने मोठा फेरा घेतला तरी चेंडू थोडेच अंतर कापतो, उंच जातो आणि उतरताना फारसा घरंगळत नाही. नवशिक्याला याचीच भीती वाटते. अंतर थोडे म्हणून तो मध्येच हात आखडतो, आणि फसतो. हात सैल, फेरा पूर्ण, घाई नाही, आणि चेंडूशी पोहोचताना कच खायची नाही, एवढेच त्याचे सांगणे होते.

मूठ किती घट्ट धरावी, असे आम्ही विचारले. म्हणाला, "घट्ट धरली तर हात अडतो, सैल धरली तर पातं फिरतं." सोण स्थविरांना बुद्धांनी दिलेला वीणेच्या तारेचा दृष्टान्त आम्ही याच मैदानावर परिपाठात किती वेळा सांगितला असेल. त्याने हसून म्हटले, "सर, तुमच्याकडूनच ऐकलेला आहे."

पात्याला दुसराही एक कोन असतो, बाउन्स. पात्याच्या तळाची मागची बाजू पुढच्या धारेपेक्षा किती खाली उतरते, त्यावर तो ठरतो. मऊ वाळूत वा ओल्या मातीत तळ फुगीर हवा, म्हणजे काठी रुतत नाही, घसरते. कडक जमिनीवर तोच फुगीर तळ आपटून वर उसळतो, म्हणून तेथे तळ बारीक हवा. मे महिन्याची मुंबईची जमीन आणि जुलैची जमीन या दोन वेगळ्या जमिनी आहेत. काठी एकच घेऊन दोन्हींवर एकसारखे मारणारा फसतो. "म्हणून कॅडी आधी पायाने जमीन चाचपतो, मग साहेबाला काठी देतो," तो म्हणाला. "सर, आम्ही नुसती पिशवी वाहत नव्हतो."

या एका वाक्याने आम्ही चोवीस वर्षे मागे गेलो. मुले पांगल्यावर पायरीवर बसून आम्ही त्याला विचारले, तेव्हा का नाही सांगितलेस?

त्याने शांतपणे सांगितले. त्या हंगामात वडिलांनी मुकादमाकडून घेतलेली उचल फिटलेली नव्हती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ऊसतोड कामगाराला कारखाना सुरू होण्याआधी मुकादम जी आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. ती ऊस तोडून फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेब अपुरा राहिला की पुढच्या वर्षी कोयत्यामागे घरातले लहान मूलही जाते. त्याची धाकटी बहीण नऊ वर्षांची होती. दर रविवारी मिळणारे पैसे मामा गावी धाडत, ते तिला फडात जावे लागू नये म्हणून.

"तुम्ही त्या दिवशी पुष्कळ विचारलंत, सर. पिशवीचे पैसे किती मिळतात आणि ते जातात कुठं, एवढंच विचारलं नाहीत."

बहीण फडात गेली नाही. ती दहावी झाली, आज अंगणवाडीत काम करते. त्याने दप्तर ठेवले, म्हणून तिचे दप्तर राहिले. आमच्या भाषणातील दोन पर्यायांपैकी त्याने कोणता निवडला, हे आम्हांला चोवीस वर्षांनी कळले.

त्यानंतर आम्ही इतिहासाच्या शिक्षकाला शोभेल असे प्रायश्चित्त घेतले, वाचन केले. ब्रिटनबाहेर गोल्फचा सर्वांत जुना क्लब १८२९ साली कलकत्त्यात निघाला, एवढेच आम्हांला ठाऊक होते. ज्या काठीने आमची फजिती केली, तिचा वंश शोधताना जीन साराझेन हे नाव सापडले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका इटालियन सुताराचा हा मुलगा. शाळा लवकर सुटलेली, लहानपणापासून कॅडी. विमान शिकताना त्याने पाहिले की शेपटीकडचा भाग खाली झाला की नाक वर उठते. त्यावरून त्याने आपल्या काठीच्या तळाला मागच्या बाजूने धातूची भर घातली, आणि वाळूत रुतणारी काठी वाळूवरून घसरू लागली. १९३२ साली सँडविच येथील प्रिन्सेस मैदानावर त्याने ब्रिटिश ओपन जिंकली, ती ही काठी बरोबर घेऊन. म्हणजे आजच्या सँड वेजची घडण एका कॅडीच्या हातची आहे.

दुसरे नाव दर्बानचे. ऊसमळ्यांवर नेलेल्या गिरमिटिया भारतीयांच्या वंशातील सेवसंकर ऊर्फ पापवा सेवगोलम हाही कॅडी. काठी धरताना त्याचे हात इतरांच्या उलटे असत. कोणी शिकवलेच नव्हते. १९५९ साली त्याने डच ओपन जिंकली. १९६३ साली आपल्याच दर्बानमध्ये नाताळ ओपन जिंकली, तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यांमुळे गोरे खेळाडू क्लबच्या इमारतीत होते आणि विजेत्याला चषक बाहेर, पावसात देण्यात आला. ते छायाचित्र जगभर गेले. महाडचे तळे शिकवताना आम्ही आता ही हकिकतही सांगतो.

आपल्याकडे दिल्लीचे अली शेर कॅडीचे काम करत करत मोठे झाले आणि १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले. आणि ज्या महूला १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म झाला, त्या महूचे मुकेश कुमार यांनी २०१६ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, दिल्लीत आशियाई टूरवरील पहिले विजेतेपद मिळवले. महूला आम्ही दोनदा जाऊन आलो आहोत. तेथे गोल्फही खेळतात, हे आमच्या ध्यानी आले नव्हते. माणूस जे शोधायला जातो, तेवढेच त्याला दिसते.

यावरून आमचे १९९८ सालचे सारे बोलणे चुकीचे होते, असा अर्थ कोणी काढू नये. वतनाचा इतिहास खरा आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर १५ किलोची पिशवी असू नये, हेही खरे. तो स्वतः म्हणाला, "पोरीच्या खांद्यावर पिशवी यायला नको, सर. म्हणून तर इथं आणलं." इतिहास खरा होता, पण तो आम्ही त्या मुलाच्या डोक्यावर हाणला. समोरची जमीन कोणती, कडक की ओली, हे पायाने चाचपून पाहिले नाही. त्याला वर उचलण्याची आम्हांला एवढी घाई होती की त्याच्या खालून जाण्याचा, म्हणजे त्याच्या घरापर्यंत, मामाच्या खोलीपर्यंत, मुकादमाच्या वहीपर्यंत जाण्याचा धीर आम्ही धरला नाही. आपल्या समाजाचा उद्धार करायला निघालेल्या पुष्कळांची हीच गत झालेली बाबासाहेबांनी पाहिली होती. आम्ही त्यांचे नाव घेऊन तीच चूक केली.

तेव्हापासून एक नियम केला आहे. मूल वर्गात डुलक्या घेऊ लागले, सुट्टीवरून उशिरा आले, फीचा हप्ता चुकला, तर पहिला प्रश्न घराचा. दुसरा प्रश्नही घराचाच. भाषण त्यानंतर, आणि पुष्कळदा त्याची गरजच उरत नाही. टेंभीपाड्यापासून विक्रोळीपर्यंत किती जिने या निमित्ताने चढलो, ते आमचे गुडघे जाणतात. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृहाचा हजेरीपट आम्ही स्वतः तपासतो. जो आला नाही, त्याच्याकडे पोस्टकार्ड जात नाही, माणूस जातो. गेल्या तीन वर्षांत असे पाच जण परत आणले. दोघे आले नाहीत. त्यांचीही घरे आम्ही पाहून आलो आहोत.

गोल्फमध्ये एक हिशेब आहे. १८ होलांसाठी ७२ फटके हे प्रमाण धरले, तर त्यांतले ३६ शेवटच्या हिरवळीवर हळुवार ढकलण्यासाठी गृहीत धरलेले असतात. वेजचे फटके त्याखेरीज. म्हणजे निम्म्याहून अधिक खेळ होलाजवळच घडतो. दुरून मारलेल्या जोरकस फटक्याला टाळ्या मिळतात, पण हारजीत जवळच ठरते. वर्गासमोर उभे राहून भाषण देणे हा आमचा दूरचा फटका होता.

मुलगी आता आपल्याच शाळेत आहे. गोल्फमध्ये तिला तूर्त गोडी नाही. तिला विज्ञान आवडते. संध्याकाळी पाचनंतर, मैदान रिकामे झाले की आम्ही काठी घेऊन उतरतो. दहांतले तीन-चार चेंडू जाळीपलीकडे जातात, बादलीत आजवर दोनच पडले. परवा असाच एक चेंडू जाळीखालून सरपटत गेला, तेव्हा ती वसतिगृहाच्या पायरीवरून पुस्तक मिटून ओरडली, "सर, पुन्हा उचलायला गेलात!"

आम्ही चेंडू आणून पुन्हा जागेवर ठेवला.